रान राखायचे, तर पाडे का उठवायचे?



संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाडे उठवून त्यांची सोय अन्यत्र केली म्हणजे बोरिवलीच्या डोंगरांवरील रान निर्वेध वाढेल, हा विचार आपल्या शहरातील सुशिक्षित वृक्षप्रेमींना इतका स्वयंसिद्ध वाटतो की तो तपासण्याची गरज कोणास भासत नाही. माहुलच्या रहिवाशास मात्र तो तपासणे भाग आहे. कारण ‘अन्यत्र’ म्हणजे कोठे, हे आम्ही पाहिले आहे. येथील हवा आरोग्यास अपायकारक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच नमूद केले असता, तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबे त्यानंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या इमारतींत आणून ठेवली गेली. आणि माहुलास राहण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, हे अखेर २०१९ साली उच्च न्यायालयास सांगावे लागले.

उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा हुकूम १९९७ साली झाला, तेव्हा पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणि सात हजार रुपयांचा भरणा अशी कसोटी मुक्रर झाली. दलालाकडून झोपडी विकत घेणाऱ्यास ती लावणे समजू शकते. पण ज्या वारल्यांची वहिवाट उद्यानाच्या जन्माहून जुनी, त्यांच्याकडेच दाखला मागणे ही दप्तराची थट्टा होय. बिबळ्याला वाघोबा मानून पुजणारे हे लोक आणि खिडकीतून रान दिसावे म्हणून उद्यानाच्या कुंपणाला खेटून सदनिका घेणारे आपण, यांपैकी रानास अधिक उपद्रव कोणाचा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

पाड्यांच्या नावाखाली उपरे घुसतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु हक्कदार कोण हे ठरविण्याचे टाळल्यानेच उपऱ्याचे फावते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत आदिवासींस हुसकावता येत नाही. इतकेच नव्हे, तर सामूहिक वनाचे रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही तो कायदा देतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूची विक्री आपल्या हाती घेतली, आणि वन उजाड झाले नाही. मुंबईचे उद्यान म्हणजे गडचिरोली नव्हे, येथे बांबू विकून पोट भरणार नाही, हे मान्य. तरी घाणेरीचे माजलेले रान काढणे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा आखणे, ऐन-कुंभ्याची रोपे तयार करून उतारांवर जगविणे ही कामे पाड्यांतील माणसांहून अधिक जाणतेपणाने कोणता ठेकेदार करील?

म्हणून वनखात्यास व जिल्हाधिकाऱ्यांस विनंती की, पाड्यांचे दावे आधी निकाली काढावेत, उद्यानातील आणि त्याला लागूनच्या आरे वसाहतीत राखीव वन ठरलेल्या सुमारे २८६ हेक्टरांतील पुनर्रोपणाचे काम पाड्यांकडे नियमित वेतनावर सोपवावे, आणि तोवर हुसकावणीची एकही नोटीस काढू नये.

आपला,
एक वाचक, माहुल, मुंबई