बिल्ड मशीन कोणाच्या खोलीत?

वृत्तपत्राच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छपाई कुठे झाली. 1867 च्या कायद्याने ती सक्तीची झाली. मजकूर खटकला तर छापखाना सापडावा, हा इंग्रज सरकारचा हेतू. पण त्या ओळीने वाचकालाही एक हक्क दिला, हे आम्ही वकील म्हणून सांगतो. 2023 च्या कायद्याने जुना कायदा गेला, ओळ राहिली. संगणकातल्या सॉफ्टवेअरवर मात्र अशी ओळ कुठे दिसते काय?

आमचे तरुण अभियंते अभिमानाने सांगतात की ओपन सोर्सचा कोड सगळ्यांना खुला आहे, म्हणून ते आपले आहे. हे अर्धेच खरे. कोड माणूस वाचतो. संगणक चालवतो ती त्यापासून तयार केलेली फाईल. कोडची फाईल करणाऱ्या यंत्राला बिल्ड मशीन म्हणतात. आपण जवळजवळ सगळेच तयार फाईल उतरवून घेतो. मग कोड शुद्ध आणि यंत्रात खोट, असे झाले तर? केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञाने 1984 मध्येच दाखवून दिले होते की कंपायलरमध्येच चोरदार बसवले तर कोड कितीही वाचा, काही दिसणार नाही. 2020 मध्ये सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत नेमका बिल्ड यंत्रणेवरच घाला पडला. फाईल तयार होत असतानाच घुसखोरांनी आपला कोड आत घुसवला. कंपनीच्या अधिकृत सहीनिशी ती फाईल सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत गेली. त्यात अमेरिकेची सरकारी खातीही होती.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राबवणाऱ्या हातांबद्दल जो इशारा दिला, तो आमच्या वाचकांना पाठ आहे. कोडलाही तोच न्याय लागू आहे.

आता मराठीचे पाहा. लोहित देवनागरी हा मुक्त फाँट रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळला, वाढवला. अक्षर पुण्यात घडले. फेडोरासाठी त्याची बांधणी मात्र अमेरिकेतील यंत्रांवर होते. त्यात कुणाचे कपट नाही, पण जागा त्यांची, वीज त्यांची, किल्लीही त्यांची. आणि तिकडेही सगळे भक्कम आहे असे नाही. अनेक मुक्त प्रकल्पांची यंत्रे सांभाळणाऱ्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या ओपन सोर्स लॅबवर 2025 मध्ये अडीच लाख डॉलरची तूट आल्याने बंद पडण्याची पाळी आली होती.

म्हणून नागपुरात आपले यंत्र असावे, असे आम्हाला वाटते. डेबियनसारखा प्रकल्प कुणाही अनोळखी संस्थेचे यंत्र अधिकृत बिल्डसाठी घेणार नाही, आणि घेऊही नये. 2019 पासून तर तिथे खुद्द सांभाळकर्त्याने घरच्या संगणकावर केलेली फाईलही चालत नाही. प्रकल्पाच्याच यंत्रावर ती पुन्हा बांधली जाते. पण फेरबांधणीला कुणाची परवानगी लागत नाही. तोच कोड घ्यायचा, तीच साधने घ्यायची, फाईल पुन्हा तयार करायची आणि दोन्हींचे हॅश ताडून पाहायचे. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. एका अक्षराचा फरक असला तरी ठसा बदलतो. कोणत्या साधनांनी बांधणी झाली याची नोंद डेबियन प्रत्येक बिल्डसोबत ठेवतो. आमच्या भाषेत तो पंचनामाच. डेबियनमध्ये 2013 पासून या कामाला जोर आला आणि आज तिथली बहुतांश पॅकेजेस अशी तंतोतंत पुन्हा बांधता येतात. मूळ कोडच दूषित असेल तर ही तपासणी निरुपयोगी, हेही खरे. साक्षीदार एका घटनेचाच असतो, साऱ्या गुन्ह्यांचा नसतो.

चळवळीचे प्रश्न सोडून हे काय काढले, असे इंदोऱ्यातले जुने कार्यकर्ते विचारतीलच. त्यांनी एवढेच पाहावे की शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचे कागद, कोर्टातले दावे, सारे आज संगणकातून जाते. बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून न राहता स्वतःचा छापखाना उभा केला होता. दादरच्या आंबेडकर भवनासह तो 25 जून 2016 च्या पहाटे पाडला गेला, तेव्हा छापखान्याची किंमत आपल्याला पुन्हा कळली.

सगळे डेबियन बांधायला जाऊ नये. त्यात साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. मराठीला लागणारे फाँट, कीबोर्ड, लिबरऑफिस एवढे घ्यावे. एकट्या लिबरऑफिसलाच साधा संगणक तासन् तास राबतो. वीज कोराडी-खापरखेड्यात तयार होते, राख आपल्या डोक्यावर पडते, तरी मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत यंत्र थंड ठेवायचे बिल आपल्यालाच भरावे लागेल. म्हणून जागा एखाद्या महाविद्यालयाची असावी, यूपीएस आणि कूलिंगची वर्गणी नोकरदारांनी उचलावी. किल्ली एकट्याच्या हाती नको, तिघांची नावे रजिस्टरात हवीत. ठसा जुळला नाही त्या दिवशी तो निकाल दडपायचा नाही, त्याच दिवशी जाहीर करायचा, आणि खाली लिहायचे: फेरबांधणी, नागपूर.