नऊवारी, बुलेट आणि रविवारची सुट्टी

गुढीपाडवा झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो असतोच. गिरगाव, डोंबिवली, ठाणे, गाव कुठलंही असो. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि खाली बुलेट. फोटो देखणा असतो, त्याबद्दल वाद नाही. मलाही आवडतो. पण शोभायात्रा संपली, गॉगल उतरला की ती बाई ती गाडी घेऊन पुढे कुठे जाते, हा प्रश्न मला दर पाडव्याला पडतो. बहुतेक वेळा गाडी भावाला किंवा नवऱ्याला परत जाते. फोटोपुरती मिळालेली असते ती.

तसं पाहिलं तर बायकांनी मोटरसायकल चालवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पुण्याच्या उर्वशी पाटोळे हिने २०११ मध्ये ‘बायकर्नी’ हा फक्त बायकांचा ग्रुप सुरू केला. सीमा सुरक्षा दलाच्या ‘सीमा भवानी’ पथकाने २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावर बुलेटवरून कसरती करून दाखवल्या. रमिला लटपटे तर २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईहून चक्क नऊवारी नेसून जगप्रवासाला निघाली. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यापुढच्या दणकट गाड्यांवर मात्र ४० टक्के लागला. म्हणजे मध्यमवर्गीय हौशी माणसाची जी ठरलेली गाडी, तीच स्वस्त झाली. शोरूममध्ये आपली मुलगी गाडीवर बसवून बघणारे बापही दिसायला लागले. मग अडतं कुठे?

अडतं ते ‘कशाला?’ या एका शब्दाशी.

आपल्याकडे बाईच्या हातात दुचाकी आली त्यालाही आता पन्नास वर्षं होत आली. सत्तरच्या दशकात लुना आली, १९८४ मध्ये बटण दाबलं की सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, मग स्कूटी आणि नंतर ॲक्टिव्हा. पुण्यात तर तोंडाला स्कार्फ गुंडाळून सुसाट जाणारी मुलगी ही शहराची ओळखच झाली. पण नीट बघा, या सगळ्या गाड्यांना घराने परवानगी दिली ती कामासाठी. पोरांना शाळेत सोडायचं, मंडईतून भाजी आणायची, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, स्वतःचं ऑफिस गाठायचं. पुढे पाय ठेवायच्या जागेत गव्हाचं पोतं मावतं हा स्कूटरचा मोठाच गुण मानला गेला! मोटरसायकलच्या टाकीवर पोतं मावत नाही. तिच्यावरून फक्त जाता येतं. आणि बाईने ‘नुसतं जाऊन यायचं’ हे अजून आपल्या पचनी पडत नाही.

लायसन्सचंच घ्या ना. दुचाकीचं लायसन्स दोन प्रकारचं असतं, गिअरवाल्या गाडीचं आणि बिनगिअरच्या गाडीचं. मी चाळिशी उलटल्यावर गिअरचं काढायला गेले, तेव्हा एजंटने माझ्या फॉर्मवर न विचारता ‘विदाउट गिअर’वर खूण करून ठेवली होती. बदलायला सांगितलं तर म्हणाला, “मॅडम, गिअर कशाला उगाच? आठ काढताना पाय टेकला की नापास.” मी आठ काढला, पाय न टेकता. पण तुमच्या पर्समधलं लायसन्स काढून एकदा बघाच. किती जणींच्या आयुष्यात ही खूण दुसऱ्याच कुणीतरी करून टाकलेली असेल!

आमचा नऊ जणींचा ग्रुप आहे. बँकेत असलेली आहे, शिक्षिका आहेत, एक घरगुती डबे करते. महिन्यातून एका रविवारी पहाटे निघतो. वरंधा, ताम्हिणी, कधी भोरमार्गे महाबळेश्वर. पुरुषांच्या ग्रुपमध्ये चहाला थांबलं की किती सीसी, सायलेन्सरचा आवाज कसा, ॲव्हरेज काय देते, घाटात कोणी कोणाला मागे टाकलं, हेच. आम्हीही हे सगळं बोलतो, त्यात काय! क्लच प्लेट किती किलोमीटरला बदलली, कुठल्या मेकॅनिकने गंडवलं, चेनला तेल कोणतं चांगलं. पण त्याआधी दहा मिनिटं वेगळाच हिशेब चालतो. कोणी रात्रीच कणीक मळून ठेवली, कोणी डाळ लावून आली, कुणाच्या मुलाची सोमवारी परीक्षा आहे. पुरुष रविवारी निघतो तेव्हा तो फक्त गाडी तपासतो.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत हे आकड्यातच आलंय. घरच्या बिनपगारी कामांत बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांचीच आहे, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. जवळजवळ तीन तास वीस मिनिटांचा फरक. तेवढ्या वेळात पुण्याहून ताम्हिणीला जाऊन चहा पिऊन परत येता येतं! आमच्यातल्या एकीला तिच्या सासूबाईंनी विचारलं होतं, “एवढी उन्हातान्हात गेलीस, आणलंस काय?” बिचारी पुढच्या वेळेपासून येताना करवंदं, जांभळं, काहीतरी पिशवीत घालून आणायला लागली. तेव्हापासून घरात कुरकुर नाही. मला हे ऐकून हसूही आलं आणि रागही.

आता ताकदीबद्दल, कारण पुरुष पहिला मुद्दा तोच काढतात. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. पाच फुटी बाईचे दोन्ही पाय पुरते टेकत नाहीत हे खरं. पण मीटिऑरची सीट ७६५ आहे, आणि तेवढ्या चार सेंटिमीटरने जीवात जीव येतो. पडलेली गाडी उचलायचं म्हणाल तर ते दंडाचं काम नाहीच. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे आडवी. आमच्याकडे नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

आता पुन्हा त्या फेट्याकडे येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट चालवणाऱ्यालाही हवं आणि मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. कायद्याने सूट दिली आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. नऊवारीवरच्या फेट्याला नाही. शोभायात्रेत गाड्या चालीच्या वेगाने जातात, मान्य. पण तो फोटो बघून दहावीतल्या मुलीच्या मनात जे चित्र ठसतं, त्यात हेल्मेट नसतंच.

आणि खरी काळजी तर फोटोतल्या बाईची नाहीच, डबलसीट बसलेल्या बाईची आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत गेले. त्यात १४,३३७ मागे बसलेले होते. यातल्या बायका किती हे त्या आकड्यात वेगळं दिलेलं नाही, पण आपल्या रस्त्यावर मागे कोण बसतं ते मी सांगायला नको. त्याच्या डोक्यावर हेल्मेट, तिच्या डोक्यावर पदर, मांडीवर मूल आणि बसणं एका बाजूला. अंबाडा मोडतो, गजरा चुरगळतो, दोन हेल्मेटं ठेवायची कुठे, अशी कारणं. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या माझ्या पुण्याबद्दल तर काय बोलावं! साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला आडोसा हवा असं केंद्रीय नियमांतच आहे. हौशी मुलं नवी गाडी आणली की आधी काय काढून टाकतात? साडीगार्ड. गाडीचा लूक बिघडतो म्हणे. मग त्याच गाडीवर मागे आईला बसवतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फोटोत येत नाही. एक्स्प्रेस वे, समृद्धी, अटल सेतू, या तिन्हीवर दुचाकीला बंदी. सुरक्षेच्या दृष्टीने ती मला पटते. पण झकपक फूड मॉल आणि त्यातली धुतलेली स्वच्छतागृहंही त्याच रस्त्यांकडे गेली. आम्ही जातो जुन्या हायवेने आणि घाटांनी. तिथे भरवसा पेट्रोलपंपाचा. एका पंपावर मी किल्ली मागितली तर तिथल्या मुलाने माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांकडे बघत, “साहेब, मॅडमना बंद आहे म्हणून सांगा,” असं उत्तर दिलं होतं. आमच्यातल्या निम्म्या जणी पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. जॅकेट, नी-गार्ड, हातमोजे, वर ऊन आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. घाटात वळणावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यानेच. हेल्मेटने हा धोका टळत नाही.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. कुठल्या रस्त्यावर कुठला पंप, किल्ली मिळते का, कडी आतून लागते का, पाणी आहे का. प्रत्येक फेरीनंतर जी सगळ्यात मागे असते ती नोंद करते. पुढच्या रविवारी ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जायचं ठरतंय. त्या पानावर आतापर्यंत दोनच बरोबरच्या खुणा आहेत, त्यातली एक माणगावच्या पुढे.