बिनपाण्याची हजामत

माणसाच्या फजितीसाठी मराठीत एकाहून एक वाक्प्रचार आहेत, पण ‘बिनपाण्यानं हजामत’ याची सर कशालाच नाही. साहेबानं चारचौघांत झाडलं की माणूस बाहेर येऊन एवढंच म्हणतो, ‘आज बिनपाण्यानं झाली!’ ऐकणाऱ्याच्या गालांची आग होते. ही शिक्षा आपले पूर्वज वैऱ्यासाठी राखून ठेवत. आपण मात्र ती पैसे मोजून डब्यातून आणतो आणि रोज सकाळी स्वतःच स्वतःला देतो.

डबा म्हणजे तो, फुस्सकन् फेस सोडणारा. पुतण्यानं माझ्या वाढदिवसाला दिला. ‘काका, ब्रश फेका आता! बटण दाबा, फेस हजर. रोजची पाच मिनिटं वाचतील.’ वाचलेल्या पाच मिनिटांत हा काय करतो ते मी पाहिलंय. मोबाइल घेऊन पलंगावर लोळतो.

हे डबे अमेरिकेत १९५० च्या सुमारास आले. त्यांत बहुधा ब्यूटेन-प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या शेगडीच्या सिलिंडरातल्याच कुळातला वायू. बटण दाबलं की तो फुगतो आणि त्याबरोबर फेसही फुगतो. दिसतो डोंगराएवढा, पण आत सगळी हवा! निवडणुकीतल्या आश्वासनासारखा.

अहो, दाढीला पाणी लागतं. केस दोनतीन मिनिटं भिजला की मऊ पडतो, पात्याला जोर कमी लागतो. फेसाचं खरं काम ते पाणी गालावर धरून ठेवायचं. म्हणून तर आंघोळीच्या साबणात नुसता सोडा भागतो, पण दाढीच्या साबणात जोडीला पोटॅश आणि भरपूर स्टिअरिक आम्ल घालतात. त्यानं फेस दाट होतो, लवकर बसत नाही. आंघोळीची वडी गालाला फासणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना त्यांचं पातंच उत्तर देतं.

कृती म्हणाल तर कणीक मळण्याची. ब्रश कोमट पाण्यात भिजू द्यावा, मग झटकावा. साबणावर अर्धा मिनिट घोळवून गालावर गोल फिरवावा. पहिला फेस पिठूळ येतो. तिथं ब्रशाचं टोक पाण्यात बुडवून पुन्हा फिरवावं. असं दोनतीनदा केलं की फेसाला विरजण नीट लागलेल्या दह्याची चकाकी येते. मोठे बुडबुडे दिसले तर समजावं, साबण कमी आणि घाई जास्त. बोअरचं जड पाणी असेल तर फेसाऐवजी चोथाच होतो. तेव्हा पिण्याच्या पाण्यातला पेलाभर मागून घ्यावा. ‘अहो, दाढीला फिल्टरचं पाणी?’ हे ऐकून घ्यावं लागतं.

मला तरी हे कुठं येत होतं? वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची दाढी माझ्याकडं आली. ऑफिसची घाई. मी ब्रश कसाबसा ओला केला, फेस फासला आणि पातं ओढलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. बोलता येत नव्हतं. चालत्या हातानं त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, थोडा वेळ तसाच धरला आणि मला परत दिला. जन्मभर त्यांनी माझी अनेकदा बिनपाण्यानं केली होती. मी त्यांची एकदाच केली. त्या दिवशी ऑफिसला लेटमार्क पडला.

म्हणून म्हणतो, वाचवायला वेळ पुष्कळ जागी आहे, गालावर वाचवू नये.

परवा पुतण्या हनुवटीला कापूस चिकटवून आला. मुलगी बघायला जायचं होतं. ‘काका, तो तुमचा ब्रश जरा…’

म्हटलं, ‘घे. आधी भिजत घाल. पाच मिनिटं आहेत ना रे तुझ्याकडं, वाचलेली?’