बंदुकीच्या खेळातला चेंडू

"पोरगा दिवसभर संगणकावर गोळीबाराचे खेळ खेळतो," ही तक्रार अनेक अम्मी-अब्बांची असते. काळजी रास्तच आहे. पण त्याच खेळाच्या पोटातून फुटबॉलही निघाला, हे आपल्याला ठाऊक हवे.

१९९८ साली व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' हा बंदुकीचा खेळ आला. तो बदलण्याची साधनेही कंपनीने खेळणाऱ्यांना मोफत दिली. अशा बदललेल्या खेळाला 'मॉड' म्हणतात. काही हौशी मंडळींनी हातातली बंदूक काढून पायाशी चेंडू दिला आणि 'इंटरनॅशनल ऑनलाइन सॉकर' तयार झाला. पुढे तो व्हॉल्व्हच्याच 'सोर्स' इंजिनवर नव्याने घडवला गेला. धावणे, वळणे, इंटरनेटवरून एकत्र येणे ही यंत्रणा तीच. हेतू मात्र बदलला. इथे प्रत्येकाच्या ताब्यात एकच खेळाडू असतो. पास न देणारा आपल्याच संघाला बुडवतो.

म्हणून आम्ही म्हणतो, वेळेची मर्यादा जरूर घाला; पण खेळ हिसकावण्याआधी मुलाजवळ बसा आणि विचारा, "यातले तुला काय बदलावेसे वाटते?" नुसता खेळणारा मुलगा घडवणारा होण्याची सुरुवात याच प्रश्नापासून होऊ शकते.