गानस्पर्धेचें भाकीत

युरोपखंडांतील राष्ट्रांची 'युरोव्हिजन' नामक गानस्पर्धा दरवर्षीं वैशाखाच्या सुमारास भरते, आणि आपल्याकडील कांहीं घरांतूनही ती हल्लीं पाहिली जाते. तरुण मंडळी महिनाभर आधीं गाणीं ऐकून कोणाचा क्रम कितवा लागेल याचे तक्ते मांडूं लागली, कीं वडीलधाऱ्यांस तो पोरखेळ वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. भाकीत करावयाचें म्हणजे स्वतःची आवड क्षणभर दूर सारून दुसऱ्यांस काय रुचेल याचा विचार करावयाचा. एकत्र कुटुंबांत ज्यांस चार पिढ्यांची रुचि सांभाळून पंक्तीस बसावें लागतें, त्यांस तरी ही विद्या परकी नसावी!

ही स्पर्धा १९५६ सालीं स्वित्झर्लंडांतील लुगानो गांवीं सात राष्ट्रांनिशीं सुरू झाली. अलीकडे निकाल दोन तराजूंत तोलला जातो. प्रत्येक देशाचे संगीतज्ञ पंच एकदां गुण देतात, व प्रेक्षक निराळे देतात. सर्वांत आवडत्या गाण्यास बारा. स्पर्धेबाहेरील देशांच्या लोकांसही २०२३ पासून मत देतां येऊं लागलें, परंतु त्या उरलेल्या साऱ्या जगाचें वजन मिळून एका देशाच्या प्रेक्षकांइतकेंच.

२०२५ सालीं बासेल येथें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. पैजा लावणाऱ्यांचा कौल स्वीडनकडे होता. गाणें बाष्पस्नानाचें, विनोदी. गाणारे तिघे मात्र फिनलंडचे! जिकडेतिकडे तेंच गाजत होतें. निकाल लागला तेव्हां तें चौथें आलें. प्रेक्षकांचे सर्वाधिक गुण इस्रायलला पडले, तरी तोही देश दुसराच राहिला. जिंकला ऑस्ट्रियाचा जेजे. हा पुरुष असून स्त्रियांच्या उंच पट्टींत गाणारा, नाट्यसंगीताच्या तालमींत तयार झालेला. त्यास प्रेक्षकांनीं १७८ च गुण दिले होते, म्हणजे त्यांच्या लेखीं तो चौथा. पण पंचांनीं २५८ दिले आणि बेरीज ४३६ झाली. केवळ गाजावाजा मोजणारा येथें फसला. बालगंधर्वांस ज्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें, त्यास तरी अशा गळ्याचें मोल अगोदर कळावयास हवें होतें.

बालगंधर्वांचें नांव आलें म्हणजे कोल्हापुरास १९२१ सालच्या ८ जुलैची आठवण होणारच. त्या रात्रीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. नाटक खाडिलकरांचें, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधर आमच्या गांवचे केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका रंगमंचावर उभे राहणार, म्हणून दोन्हींकडच्या चाहत्यांनीं आपापलीं भाकितें केलीं असतील यांत शंका नाहीं. तेथें ना पंच होते ना गुण. आमच्या लहानपणीं येथील वृद्ध मंडळी त्या प्रयोगावरून तावातावानें भांडत, व त्यांतील पुष्कळांनीं तो पाहिलेलाही नसे! केशवरावच वरचढ ठरले, असा त्यांचा निर्वाळा असे. याला आम्ही भाकीत म्हणत नाहीं, निर्णय तर नाहींच. हा गांवाचा अभिमान. युरोपीय स्पर्धेंत कोणत्याही देशास स्वतःच्या गाण्यास मत देतां येत नाहीं. तो नियम त्या रात्रीं लागू असता, तर करवीरास आपले बारा गुण बालगंधर्वांच्या पदरांत टाकावे लागले असते, आणि मग ती मंडळी काय बोलली असती?

पुढें तीन महिन्यांच्या आंत, ऑक्टोबरांत, केशवराव एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. हें मात्र कोणाच्याच भाकितांत नव्हतें. त्यांच्या नांवाचें येथील नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्रीं जळालें, तीही त्यांच्या जयंतीची आदली रात्र.

असो. घरांत हा खेळ खेळणारांस आमची एक सूचना आहे. प्रत्येकानें दोन चिठ्ठ्या लिहाव्या : एकींत आपल्यास आवडलेलें गाणें, दुसरींत जिंकेल असें वाटणारें. दोन्हीं आजीबाईंच्या हवालीं करून मगच कार्यक्रमास बसावें. ज्याच्या दोन्हीं चिठ्ठ्यांत दरवर्षीं एकच नांव निघतें, त्याचा तक्ता वाचण्याची तसदी आम्ही घेत नाहीं.