आधी पत्ता, मग प्रसिद्धी

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर दुकान असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला हल्ली दोन बाजूंनी सल्ले ऐकावे लागतात. पॅकेज विकणारे म्हणतात, वेबसाइट काढा, रोज रील टाका, पोस्ट बूस्ट करा, नाहीतर धंदा बसला समजा. गल्ल्यावरची जुनी मंडळी म्हणतात, आपलं गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं, ते ओळखीवर येतं. हे मोबाइलचे चोचले हवेत कशाला? मतं उलटसुलट दिसली तरी दोघांनीही डिजिटल मार्केटिंग म्हणजे गाजावाजा असंच धरलेलं आहे. एकाला तो हवा आहे, दुसऱ्याला नको, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की छोट्या दुकानदाराचं पहिलं काम सापडणं आणि विचारलं की उत्तर देणं हे आहे. गाजण्याचा प्रश्न फार पुढचा, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो येतच नाही.

जुन्या मंडळींचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. ओळखीचं गिऱ्हाईक टिकाऊ असतं, उधारीही बुडवत नाही. पण शहरात सगळेच ओळखीचे राहत नाहीत. संत गाडगेबाबा विद्यापीठामुळे अमरावतीत आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठामुळे अकोल्यात दरवर्षी बाहेरगावची मुलं खोली घेऊन राहतात. वाशीम-बुलढाण्याकडून दवाखान्यासाठी माणसं अकोल्याला येतात, बडनेऱ्याला गाडीतून उतरणाऱ्याला अमरावतीतली एकही गल्ली ठाऊक नसते. ही माणसं चहाच्या टपरीवर पत्ता विचारण्याआधी फोनला विचारतात. तिथे तुमच्या दुकानाचं नाव नसेल, किंवा नाव असून नंबर बंद असेल, तर ते गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं हे तुम्हाला कधी कळतही नाही. न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कुठल्याच वहीत होत नसल्यामुळे ‘आमचं काही अडलं नाही’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोलता येतं.

आता पॅकेजवाले. जवळपासच्या शोधाचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात, असं गूगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ख्याती. यातलं अंतर कोणालाही विकत घेता येत नाही. राजापेठेत उभं राहून कोणी साडीला फॉल-पिको करणारं दुकान शोधत असेल, तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावापेक्षा राजापेठेतल्या दुकानाचं पारडं जड असतं. छोट्या माणसाला फुकट मिळालेली ही सवलत सोडून त्याला नाशिक-कोल्हापूरच्या प्रेक्षकांसाठी नाचायला लावणं म्हणजे त्याचा वेळ नासणं आहे. नाशिकच्या लाइकने अमरावतीत बोहणी होत नाही. शिवाय जाहिरातीच्या पैशावर 18 टक्के जीएसटी. ज्याची नोंदणीच नाही, त्याला तो परतही मिळत नाही.

रील सर्वस्वी निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. चिखलदऱ्याला खोल्या भाड्याने देणाऱ्याचं गिऱ्हाईक डोळ्यांनीच निवड करतं. त्याने धुकं, दरी आणि खोलीतली स्वच्छ चादर जरूर दाखवावी. नांदगाव पेठ रस्त्यावरच्या ठोक कापडबाजाराचं गणित निराळं. तिथे घेणारा स्वतः दुकानदार असतो, त्याला पोत, रंग, भाव आणि किमान किती नग घ्यावे लागतील एवढंच हवं असतं. ते व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये मावतं. अकोल्याच्या डाळ मिलवाल्याला तर रीलपेक्षा मालाचा स्पष्ट फोटो आणि वेळेवर कळवलेला भाव जास्त उपयोगी.

म्हणून सुरुवात गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीने करावी. ती विनामूल्य आहे. नाव मराठीत आणि इंग्रजीतही द्यावं, पाटी दिसेल असा दर्शनी भागाचा फोटो लावावा, साप्ताहिक सुट्टी आणि नवरात्र-दिवाळीतली बदललेली वेळ खरी लिहावी. मग 2018 पासून उपलब्ध असलेलं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावं, त्यात वस्तू भावासकट टाकाव्यात. आणि रोजच्या शुभेच्छांचा मारा थांबवावा. साधी ब्रॉडकास्ट यादी फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांपर्यंतच पोहोचते. म्हणजे तुम्ही त्रास देता तो नेमका आपल्याच माणसांना.

यावर तीन आक्षेप ऐकू येतात. भाव उघड केला तर शेजारी तोडेल, हा पहिला. शेजाऱ्याला तुमचा भाव आजही माहीत असतो; लपतो तो फक्त गिऱ्हाइकापासून. दुसरा आक्षेप खोट्या वाईट अभिप्रायांचा. भीती खरी आहे, पण त्याखाली शांतपणे लिहिलेलं उत्तर पुढचे सगळे वाचतात, आणि धादांत खोट्याची तक्रारही करता येते. पैसे देऊन चांगले अभिप्राय लिहून घेणं मात्र गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: ही जागा परक्याची, उद्या त्याने दार लावलं तर? तसं घडलेलं आहे. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप काही तास ठप्प होते. गूगलने दुकानदारांना फुकट दिलेल्या छोट्या वेबसाइटही मार्च 2024 मध्ये बंद केल्या. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत हवेत, आणि पुढे स्वतःच्या नावाची वेबसाइटही हवी. पण पुढे. ज्याच्याकडे दाखवायला नीट फोटो नाहीत आणि ज्याचा फोन दुपारी कोणी उचलत नाही, त्याची वेबसाइट रिकाम्या दुकानावरची झगमगती पाटी ठरेल.

तेव्हा पॅकेजच्या कागदावर सही करण्याआधी एवढं करा: तुमच्या गल्लीत कधी न आलेल्या माणसाच्या हाती फोन द्या, तुम्ही काय विकता तेवढंच सांगा आणि तुमचं दुकान शोधून तिथे फोन लावायला सांगा. तो पोहोचला नाही, तर पैसे आधी तिथे लावा.