मेहबूब खान कुठं शिकले होते?

नववीतला एक मुलगा महिनाभर वर्गात दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जातो. अंबरनाथ स्टेशनवर गाठ पडली, तेव्हा आम्ही त्याला हटकलं. तो म्हणाला, “सर, मेहबूब खान कुठं शिकले होते?” अब्बांसोबत त्यानं ‘मदर इंडिया’ पाहिला होता. बदलापूर आलं तरी आम्हाला उत्तर सुचलं नाही.

वाचकहो, प्रश्न खोटा नव्हता. गुजरातेतल्या बिलिमोऱ्याकडचे मेहबूब खान शाळा फारशी शिकले नाहीत. मुंबईत ते घोड्यांना नाल ठोकायच्या कामावर आले. १९२७ च्या ‘अलीबाबा’ मूकपटात ते चाळीस चोरांपैकी एक, म्हणजे गर्दीतला एक चेहरा. पहिलं दिग्दर्शन, ‘अल हिलाल’, आलं १९३५ मध्ये. मधली आठ वर्षं ते लहानसहान भूमिका करत काम शिकत होते. १९४० च्या ‘औरत’चीच कथा त्यांनी सतरा वर्षांनी पुन्हा मांडली, ती ‘मदर इंडिया’.

त्याच मुंबईत दुसरे एक गृहस्थ मोठे झाले, कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. कुटुंब गोव्याचं, जन्म १९०० मध्ये कराचीत. तेच कराची, ज्याचं नाव उल्हासनगरच्या सिंधी घरांतून आजही निघतं. ग्रेशस मंगळूर आणि श्रीलंकेतल्या कँडीला धर्मशिक्षण घेऊन १९२६ मध्ये पाद्री झाले, मग रोमला शिकले. परतल्यावर आर्चबिशपांचे सचिव म्हणून काम केलं. १९५० मध्ये ते स्वतः मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारतातले पहिले कार्डिनल. पाद्री ते आर्चबिशप, चोवीस वर्षं.

एक जवळपास शाळेविना, दुसरा शाळेच्या शेवटच्या पायरीपर्यंत. पण मधली वर्षं दोघांनीही चुकवली नाहीत. शिवाय नाल ठोकणारे त्या काळी मुंबईत पुष्कळ होते, त्यातले मेहबूब खान एकच झाले. ग्रेशस यांच्या वाटेवर मात्र शाळा होती, सेमिनरी होती. त्यांच्या समाजानं ती वाट आधीच बांधून ठेवली होती.

पुढच्या रविवारी आम्ही मुलाच्या घरी गेलो. धागे कापून कुणी कारागीर होत नाही, मशीनवर बसायलाही कुणी शिकवत नाही, हे त्यानंच कबूल केलं. अब्बा म्हणाले, “सर, भाडं थकलंय. रमजाननंतर बघू.” आम्ही सांगितलं, वर्गातलं नाव अजून कापलेलं नाही. आणि नववी हुकलीच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

भाड्याचं उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हतं. ते जमातीपाशी आहे. यंदा जकातीचा हिशेब कराल, तेव्हा मोहल्ल्यातलं शाळा सुटलेलं एक मूल आधी शोधा. इन्शाअल्लाह, त्याची वाट आपण बांधू.